ओलं काम

गल्लीत त्या जोडप्याला सगळे ‘मिस्त्री आणि इस्त्री’ म्हणत. नवरा फरशीचा मिस्त्री, बायको घरोघरचे कपडे आणून इस्त्री करणारी. हा विनोद पहिल्यांदा कोणी केला ते आता कोणाला आठवत नाही. दोघं त्यावर हसायचंही कधीच विसरली. हाक मारली की ओ देतात, एवढंच.

तिने कधी बसून इस्त्री केली नाही. बसून करणारा मनगटाने रेटतो, उभं राहून करणारा खांद्याने. मनगट लवकर जातं, खांदा टिकतो. शर्टाची कॉलर आधी, मग बाह्या, मग पाठ, पुढचा भाग शेवटी. कारण लोकांची नजर जिथे जाते तो भाग शेवटी हाताळला तरच चुरगळल्याशिवाय घडीत जातो. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एकदा एका गिऱ्हाइकाने शर्ट परत आणला, तेवढ्यावर ती शिकली. कपडा परत येणं म्हणजे तिच्या लेखी कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं होतं.

मिस्त्रींचं काम वेगळं. ते मोझेकची फरशी जागेवर ओतायचे. सिमेंट आणि दगडाची रंगीत चुरी कालवायची, पितळी पट्ट्यांच्या चौकटीत पसरायची, रूळ फिरवून दाबायची, गुडघ्यांवर बसून थापीने सारखी करायची. वाळली की यंत्राने पाणी सोडून घासायची, आधी जाड दगडाने, मग बारीक दगडाने, तोंड दिसेपर्यंत. यात एक नियम असा, की चौकटीत माल पडला की ती चौकट पुरी केल्याशिवाय उठायचं नाही. मध्ये हात थांबला तर तिथे सांधा राहतो, आणि फरशी असेपर्यंत तो सांधा दिसत राहतो.

मोठ्या शहरातल्या कोर्टाची फरशी मिस्त्रींच्या टोळीकडे होती. तिथे एरवी पाय ठेवायला जागा नसे, म्हणून काम करायचं ते नाताळच्या सुट्टीतच. दर नाताळाला एक पट्टा. असं करत करत मधलं मोठं दालन झालं, मग एका बाजूचा व्हरांडा, मग दुसऱ्या बाजूचा, आणि तोवर सुरुवातीचा पट्टा पुन्हा घासायला आला. त्यात मिस्त्रींचे केस पांढरे झाले. जगाला सुट्टी असायची त्या दिवसांत मिस्त्री कोर्टात आणि ती घरी. सोबत सासू, लेक आणि सुट्टीमुळे दुप्पट आलेले कपडे.

“शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात,” ती म्हणायची. “तुम्ही तर मुक्कामालाच जाता.”

“मी पायरी चढत नाही,” मिस्त्री सांगायचे. “आम्ही बाजूच्या दारानं जातो.”

हे ते गमतीने म्हणत नसत. मिस्त्री गंमत करणाऱ्यांतले नव्हतेच.

अशाच एका नाताळात सासू गेली. बरेच दिवस ती अंथरुणाला खिळून होती, पण त्या सकाळी तिच्या श्वासाचा आवाज बदलला. सुनेने इस्त्री उभी करून ठेवली, कानोसा घेतला आणि तिला कळायचं ते कळलं. तिने धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून कोर्टात फोन लावला. दारावरच्या माणसाने तो घेतला. “फरशीचे मिस्त्री ना? देतो निरोप,” म्हणाला. ही सकाळची गोष्ट. मिस्त्री घरी पोहोचले ते दुसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर.

“संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा निरोप मिळाला,” ते म्हणाले. “मिळाल्या मिळाल्या निघालो.”

चुलत सासऱ्यांनी चार माणसांत विचारलं, “फोन लागला होता ना? माणसानं घेतला होता ना? मग निरोप काय पायी निघाला होता?”

मिस्त्रींनी खाली मान घातली. पण चुलत सासऱ्यांचा तो प्रश्न तिच्या मनात घर करून बसला. आपला नवरा कसा आहे हे तिला माहीत होतं. लेक जन्मली तेव्हाही हातातली चौकट पुरी करून मग आलेला माणूस तो. निरोप सकाळी मिळाला असेल, ‘एवढी चौकट करतो आणि उठतो’ म्हणाले असतील, एकीची दुसरी झाली असेल. दारावर माणूस बसलेला, आत हाकेच्या अंतरावर मिस्त्री, आणि दिवसभर निरोप पोहोचत नाही, हे कोणाच्या गळी उतरेल?

आणि त्या दिवशी सासू काय बोलली होती ते फक्त तिलाच माहीत होतं. सासू सकाळपासून लेकाबद्दल विचारत होती आणि सून म्हणत होती, येतोय, येतोय. दुपारी सासूने तिचा हात धरला. म्हणाली, “धावपळ करू नकोस. आत काम ओलं असेल. ओलं काम टाकून उठता येत नाही गं त्याला. त्याचा बापही असाच होता. सुकलं की येईल.” मग तिने भिंतीकडे तोंड केलं, आणि पुन्हा काही बोलली नाही.

मिस्त्रींनी नंतर एकदा, एकदाच, विचारलं होतं, “आई काही म्हणाली का? माझ्याबद्दल?”

“नाही,” ती म्हणाली. “काही बोलल्या नाहीत.”

तिने ते मुद्दामच दाबून ठेवलं. निरोप मिळूनही हा माणूस थापी फिरवत बसला असेल, तर आईची माफी त्याला फुकटात का मिळावी? तिला मेहनतीशिवाय काही मिळालं नव्हतं, आणि दुसऱ्याला मिळावं असं वाटतही नव्हतं. पण एकदा मिस्त्री लेकीला सांगताना तिने ऐकलं, “आजीनं माझ्या नावानं बोटं मोडतच जीव सोडला असेल.” त्या दिवशी तिच्या हातून एक कॉलर जळली. तरी ती बोलली नाही. आधी खरं काय ते कळायला हवं होतं, आणि ते कळण्याचा मार्ग तिला सुचत नव्हता.

मिस्त्री घरी बसले ते गुडघ्यांमुळे. डॉक्टरांनी सांगितलं, जिने चढायची हौस असेल तर आताच भागवून घ्या. ती हे ऐकून घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, “या नाताळाला मला तुमचं कोर्ट दाखवा.”

लेकीने कपाळाला हात लावला. “आई, नाताळात शहरात पाणीसुद्धा महाग होतं. थोडं थांब, अर्ध्या खर्चात होईल.”

“नाताळातच.”

“हट्ट म्हणायचा की काय?”

“ती बरोबर म्हणते,” मिस्त्री म्हणाले. आपली फरशी बघायची इच्छा बायकोला झाली, या आनंदात त्यांचा आवाजही बदलला होता. “नाताळातच जायला पाहिजे. तेव्हा ते उघडं असतं. एरवी गर्दीत फरशी दिसते कुठं?”

“आणि राहणार कुठं?”

“मजुरांच्या वसतिगृहात. सुट्टीला सगळे घरी जातात, खाटा रिकाम्या पडतात. नाताळात सगळं शहर महाग होतं, ते एकच स्वस्त होतं.”

तिने मनातलं कोणाला सांगितलं नाही. मिस्त्रींचा जाडा शर्ट तिने काढला, पाणी शिंपडून दोनदा इस्त्री केला. पाव, उकडलेली अंडी, गूळ, चहाचा थर्मास, एक पिशवी. बाहेर खायचं नाही असं ठरलं होतं.

वसतिगृहाचा व्यवस्थापक लठ्ठ, कानटोपी घातलेला. त्याने मिस्त्रींना नीट बघितलं, मग तिला.

“बायका ठेवत नाही आम्ही.”

“बायका कुठं आहेत? मी एकटीच आहे,” ती म्हणाली.

तो हसला आणि त्याने किल्ली पुढे केली. “घ्या. अख्खी खोली तुमची. आवडेल ती खाट निवडा, राजाराणीसारखे राहा. फक्त गरम पाणी मागू नका.”

खोलीत दोन्ही भिंतींना लोखंडी खाटा, गुंडाळून ठेवलेल्या गाद्या. भिंतीत खिळे, खिळ्यांना दोऱ्या, आणि ओल्या मोज्यांचा न जाणारा वास. एका खिळ्याला कोणाचा तरी गुडघ्याला बांधायचा रबरी पट्टा लटकत होता, घासून पातळ झालेला. ती हे सगळं बघत उभी राहिली. घरी कपड्यांच्या ढिगासमोर उभी असताना तिने कितीदा कल्पना केली होती की मिस्त्री शहरात मजेत आहेत. गरम जेवण, दिव्यांचे रस्ते, गप्पांना चार माणसं.

“तुम्ही कुठली खाट घ्यायचात?”

“दाराजवळची. माझं काम सगळ्यात शेवटी आटपायचं. आल्यावर दुसऱ्यांची झोप मोडू नये म्हणून.”

“दाराजवळ वारा लागत असेल.”

“लागायचा.”

तिने त्या खाटेवरची गादी उलगडली, ठोकून सारखी केली आणि आपली पिशवी तिच्यावर ठेवली.

दिवस मावळायच्या आत दोघं रस्त्यावर आली. दुकानादुकानांवर दिवे, काचांच्या आत बर्फासारखा कापूस, माणसांच्या हातांत पिशव्याच पिशव्या. बघायला पैसे पडत नव्हते, म्हणून त्यांनी सगळं बघितलं. एका मोठ्या दुकानात ऊब होती, तिथे ती बराच वेळ रेंगाळली. मिस्त्री सरकत्या जिन्याने वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

“पुरे आता. लोक बघतायत.”

“बघू देत. गुडघ्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी उचलून नेतंय.”

मिस्त्रींच्या तोंडून असलं काही तिने पूर्वी ऐकलं नव्हतं. मग बाहेर पडताना काचेमागच्या पुतळ्याच्या अंगातला शर्ट तिच्या नजरेस पडला.

“बाहीला दोन घड्या पडल्यात. एवढं मोठं दुकान आणि असली इस्त्री.”

“काचेतून कोणाला दिसतंय?”

“मला दिसली ना.”

बसथांब्याच्या आडोशाला बसून त्यांनी पाव आणि अंडी खाल्ली. मिस्त्री दुसऱ्या दिवसाबद्दल बोलत होते. कुठल्या खांबाजवळ हिरवी चुरी घातली, कुठे पितळेची पट्टी कमी पडली तेव्हा काय केलं. ती हुंकार देत होती. तिला चुरी बघायची नव्हती. तिला बघायचं होतं ते दार, आणि दारापासून मिस्त्रींच्या जागेपर्यंतचं अंतर.

नाताळच्या सकाळी रस्ते ओस पडले होते. कोर्टाची इमारत लांबूनच दिसली. पुढे रुंद दगडी पायऱ्या होत्या. मिस्त्री थांबले.

“आज पायरीनंच चढायचं. आता मी काही कामावर नाही.”

कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते चढले. मदत केलेली त्यांना चालत नसे, म्हणून ती शेजारी हात मोकळे ठेवून चढली, पण लक्ष त्यांच्या गुडघ्यांवर. वर पोहोचल्यावर मिस्त्रींनी श्वास घेतला, शर्ट सारखा केला आणि मोठ्या दाराला हात लावला. दार हललं नाही. त्याला आडवी लोखंडी पट्टी होती, पट्टीला कुलूप, आणि वर पाटी: सुट्टीनिमित्त बंद.

मिस्त्रींनी पाटी वाचली. पुन्हा वाचली.

“असं कसं? दर नाताळाला उघडं असायचं.”

ती त्यांच्याकडे बघत होती. “अहो, ते तुम्हाला उघडं असायचं. कोर्टाला सुट्टी असायची म्हणूनच तुम्ही आत होतात ना?”

ज्या माणसाला जन्मभर सुट्टी म्हणजे काम एवढंच माहीत, त्याच्या डोक्यात बंद दाराची सुट्टी आलीच नव्हती. त्यांनी ती इमारत नाताळ सोडून कधी बघितली नव्हती, आणि नाताळात ती त्यांच्यासाठी कधी बंद नव्हती. दुसरं कोणी असतं तर ती हसली असती. पण मिस्त्रींचा चेहरा काम परत आलेल्या माणसासारखा झाला होता, आणि तो चेहरा तिला ओळखीचा होता.

“तुझी फेरी फुकट घालवली मी,” ते म्हणाले. “उद्या सकाळी परतीची गाडी आहे.”

“ते तुमचं बाजूचं दार कुठं आहे?”

बाजूच्या बोळात गटाराकडे एक नळी सोडलेली होती आणि तिच्यातून दुधट पाणी वाहत होतं. ते बघून मिस्त्रींची चाल एकदम बदलली. “घासाई चालू आहे,” ते म्हणाले आणि गुडघे विसरून नळीजवळ वाकले.

दार अर्धं उघडं होतं. आत खुर्चीवर पहारेकरी बाई संत्रं सोलत बसली होती. तिने वर न बघताच सांगितलं, “बंद आहे. सुट्टी संपल्यावर या.”

“आम्हाला फक्त फरशी बघायची आहे,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्यानं घातलेली आहे.”

“मावशी, इथं येणारा प्रत्येक जण सांगतो की ही इमारत त्यानंच बांधली.”

“बांधली नाही म्हणत. फरशी घातली म्हणते.”

बाईने बोळात वाकलेल्या मिस्त्रींकडे बघितलं. पाय फाकवून, पाठीला हात लावून वाकलेला तो माणूस कुठल्या कामावरचा आहे हे तिला सांगावं लागलं नाही. “फरशीवाले दिसतायत खरे. पण मला आत सोडायचा हुकूम नाही. मुकादम सोडेल तर सोडेल.”

“मग बोलवा की त्याला.”

बाईने भिंतीवरचा फोन उचलला, नंबर दाबला आणि कानापासून लांब धरला. “वाजतोय. पण घेणार कोण? मशीन चालू आहे.”

“त्याचा मोबाइल असेल.”

बाईने पायाने एक टोपली पुढे सरकवली. टोपलीत मोबाइलच मोबाइल. “पाण्यात पडतात म्हणून सगळे इथं ठेवून जातात. तो बघा, तो एक सकाळपासून थरथरतोय. थरथरू दे.”

“मग तुम्ही आत जाऊन सांगा.”

“आत कुठून जाऊ? मधल्या दाराला आतून कडी घालतात. कोणी ओल्यावर पाय देऊ नये म्हणून. साहेब आला तरी काढत नाहीत.”

“दार वाजवलं तर?”

“वाजवा की. हौस भागवून घ्या.”

ती आतल्या बोळकांडीतून मधल्या दारापर्यंत गेली. जाड, उंच लाकडी दार. तिने मुठीने ठोकलं. मग इस्त्रीचा खांदा लावून दोन्ही मुठींनी ठोकलं. आतल्या यंत्रामुळे दार मुळापासून थरथरत होतं, आणि त्या घरघरीत तिला स्वतःचं ठोकणंसुद्धा ऐकू आलं नाही. हात दुखला तेवढंच कळलं. तरी ती ठोकत राहिली. एवढ्या जोराने तिने आयुष्यात कुठलं दार ठोकलं नव्हतं.

“सांगितलं ना, मावशी,” बाई मागून ओरडली. “मशीन थांबेपर्यंत यमाचं बोलावणं आलं तरी यांना कळायचं नाही.”

ती परत आली आणि भिंतीला टेकली. “कोणाच्या घरून निरोप आला तर?”

“तर काय? ‘देतो’ म्हणायचं. बाहेर आले की द्यायचा.” बाईने संत्र्याची फोड पुढे केली. “घ्या. चेहरा का असा झालाय तुमचा?”

तिने फोड घेतली. ती हातातच राहिली. मिस्त्री बाहेर होते. गटारातलं पाणी चिमटीत घेऊन आत कुठला दगड लावलाय ते अजमावत होते. त्यांनी यातलं काही ऐकलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने यंत्र थांबलं. कडी सरकल्याचा आवाज आला आणि मुकादम बाहेर आला, गुडघ्यांपर्यंत ओला, भुवयांवर घासाईचा पांढरा राबडा. मिस्त्री पुढे होऊन बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, “टोपलीत कोणाचा तरी फोन सकाळपासून वाजतोय. आधी त्याला सांगा.”

मुकादमाने टोपलीत बघितलं, आत हाक मारली. एक माणूस आला, हात पँटला पुसले, फोन घेऊन बोळात गेला. थोड्या वेळाने त्याचं हसणं ऐकू आलं. मग कुठे ती भिंतीपासून सरळ झाली.

“बारीक दगड लावलाय ना?” मिस्त्रींनी मुकादमाला विचारलं.

“आज सकाळीच बदलला. इथं होतात काय तुम्ही?” मुकादमाने त्यांना नीट निरखलं. “तुमच्या टोळीच्या पट्ट्या आम्ही अजून काढल्या नाहीत. या. पण उंबऱ्यापर्यंतच. पलीकडे ओलं आहे.”

उंबऱ्यावरून दालन दिसलं. खांबांच्या रांगा, वर काळोखात गेलेलं छत, आणि खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत करडा राबडा. चौकट दिसत नव्हती, चुरी दिसत नव्हती, पितळ दिसत नव्हतं.

“आज काही दिसायचं नाही,” मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाले. “सगळं चिखलाखाली गेलंय. धुतल्यावर बघितली असतीस तर…”

ती फरशी बघतच नव्हती. दाराच्या आतल्या अंगाला मनगटाएवढी जाड कडी होती. लांब कोपऱ्यात दोन माणसं गुडघ्यांवर बसून तुटलेली जागा भरत होती, ढोपरांपर्यंत माल लागलेली, माना खाली.

“आई गेल्या त्या वर्षी तुम्ही कुठं होतात?”

मिस्त्रींनी तिच्याकडे चमकून बघितलं. हा विषय तिने स्वतःहून कधी काढला नव्हता. मग त्यांनी हात लांब केला. “तिकडे. शेवटच्या खांबापलीकडे.”

“दाराकडे तोंड करून?”

“पाठ करून. झालेलं काम पुढ्यात ठेवून मागे सरकत यायचं असतं. दार दिसत नाही.”

तिने ते अंतर डोळ्यांनी दोनदा मोजलं, जाताना आणि येताना. मग मुकादमाला म्हणाली, “झालं आमचं.”

कोर्टाच्या पुढच्या पायऱ्यांवर ऊन आलं होतं. सगळ्यात खालच्या पायरीवर दोघं बसली. तिने डबा उघडला, अंडं सोलून मिस्त्रींच्या हातात दिलं. नियोजन चुकलं, बायकोला आरशासारखी फरशी दाखवता आली नाही, हेच त्यांच्या मनात होतं.

“आई बोलल्या होत्या,” ती म्हणाली.

“कोणाची आई?”

“तुमची. त्या दिवशी. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हटलं होतं.”

मिस्त्रींचा हात तोंडाजवळ जाता जाता थांबला. तिने सासूचे शब्द सांगितले, एकही न गाळता, एकही न घालता. आत काम ओलं असेल. ओलं काम टाकून उठता येत नाही गं त्याला. त्याचा बापही असाच होता. सुकलं की येईल.

रस्त्यावरून एक रिकामी बस गेली. मिस्त्रींनी अंडं हळूच डब्यात ठेवलं.

“ओलं असेल, असं म्हणाली?”

“असंच.”

“रागानं म्हणाली?”

“नाही. मीच रागात होते. त्या मला समजावत होत्या.”

“मग इतकी वर्षं… का नाही सांगितलंस?”

“मला वाटत होतं, निरोप तुम्हाला सकाळीच मिळाला होता. चौकट पुरी करून उठलात.”

“विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. खरं असतं तरी नाही, खोटं असतं तरी नाहीच. त्यातून मला काय कळलं असतं? आज त्या दारावर मी हात फुटेस्तोवर ठोकलं. आता कळलं.” तिने आपल्या लाल झालेल्या मुठी त्यांना दाखवल्या नाहीत, मांडीवर उलट्या ठेवल्या. “मी चुकले. तुमचं जे होतं ते मी अडकवून ठेवलं.”

मिस्त्री कठडा धरून उठले. चार पावलं पुढे जाऊन तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. तिने हाक मारली नाही. रागावले असतील तर तो राग त्यांच्या हक्काचा होता, आणि तो उरकायला त्यांना वेळ लागणार हेही तिला माहीत होतं. कुठलंच काम ते घाईने करत नसत.

ते वळले तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता.

“खरं सांगू? निरोप सकाळी मिळाला असता, तर मी उठलो असतो की नाही, मला माहीत नाही.”

“आईंना माहीत होतं,” ती म्हणाली. “तरी त्या तसं बोलल्या.”

मिस्त्री येऊन तिच्या शेजारी बसले, आधी एक गुडघा, मग दुसरा, दोन्ही हातांनी धरून दुमडत.

“सकाळपासून सांग,” ते म्हणाले. “श्वास बदलला तिथपासून. मध्ये काही सोडू नकोस.”

तिने डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि सकाळपासून सांगायला सुरुवात केली.